वंशावळीचे भय

भयकथा हा वाङ्मयप्रकार आपल्या नियतकालिकांत क्वचितच चर्चेला येतो. कारण उघड आहे. ज्यांना भय पाणवठ्यावर, पायवाटेवर आणि कचेरीच्या पायरीवर फुकट मिळत आले, त्यांनी ते पैसे देऊन का विकत घ्यावे? तरीही या लेखात मी एका अमेरिकन भयकथेविषयी लिहिणार आहे, आणि तेही तिच्या कथनसंकेतांविषयी. मी इतिहासाचा अध्यापक आहे. समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. परंतु एखादा समाज कुणाला भितो आणि ती भीती वाचकाच्या अंगावर काटा येईल अशा रीतीने कशी रचतो, हा प्रश्न इतिहासाचाही आहे.

कथा एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०-१९३७) याची. तिचे नाव 'द शॅडो ओव्हर इन्समाउथ', म्हणजे 'इन्समाउथवरची छाया'. ती त्याने १९३१ च्या अखेरीस लिहिली. मासिकाने नाकारली. १९३६ साली पेन्सिल्व्हेनियातल्या एका हौशी प्रकाशकाने तिचे छोटे पुस्तक काढले. सुमारे ४०० प्रती छापल्या, त्यांतल्या २०० च्या आसपासच बांधल्या गेल्या, आणि मुद्रणदोष इतके की शुद्धिपत्र जोडावे लागले. लेखकाच्या हयातीत निघालेले त्याचे कथात्म पुस्तक एवढे एकच. आज जगभर या कथेच्या आवृत्त्या निघतात, तिच्यावर खेळ आणि चित्रपट बेततात. जिचा शेवट 'माझ्याच रक्तात राक्षस आहे' या शोधात होतो, अशी ती आधुनिक भयकथेतली नमुनेदार कथा मानली जाते.

माझा मुद्दा असा की, या कथेतले भय उभे करणारे संकेत पडक्या किल्ल्यातून आणि स्मशानातून आलेले नाहीत. ते आले आहेत घराण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी व निमसरकारी दप्तरांतून, आणि 'रंग लपवून जगणाऱ्या' माणसांविषयीच्या अमेरिकन कथा-कादंबऱ्यांतून.

प्रथम कथा पाहू.

निवेदक हा ओहायोचा तरुण. कथेत त्याला नाव नाही. वयात आल्याचा आनंद म्हणून तो १९२७ च्या जुलैमध्ये न्यू इंग्लंड पाहायला निघतो. प्रवासाची प्रयोजने तो तीन सांगतो: स्थलदर्शन, जुन्या वास्तूंची आवड आणि वंशावळीचा शोध. आईचे घराणे मूळ आर्कम गावचे, तेव्हा तिकडे जायचे. न्यूबरीपोर्टच्या स्थानकावर रेल्वेचे भाडे परवडेना, म्हणून तिकीट विकणारा कारकून त्याला एका स्वस्त बसची माहिती देतो. ती बस इन्समाउथवरून जाते आणि आसपासचे लोक तिच्यात पाय ठेवीत नाहीत.

इथून पुढे कथा ज्या पद्धतीने चालते ती लक्षात घेण्यासारखी आहे. निवेदक गावात लगेच शिरत नाही. आधी कारकुनाला विचारतो. कारकून सैतानाच्या अफवा सांगतो, त्या स्वतःच उडवून लावतो, आणि मग म्हणतो की खरी गोष्ट वंशद्वेषाची आहे. इन्समाउथच्या खलाशांनी दूरच्या बेटांवरून कसल्या कसल्या बायका आणल्या असतील, तेव्हा द्वेष करणाऱ्यांना आपण दोष देत नाही. निवेदक ग्रंथालयात जातो. ऐतिहासिक मंडळाच्या संग्रहात इन्समाउथचा एक विचित्र मुकुट पाहतो. गावात गेल्यावर किराणा दुकानातल्या परगावच्या पोराला गाठतो. पोरगा त्याला नकाशा काढून देतो. शेवटी ९६ वर्षांच्या झेडॉक अ‍ॅलन नावाच्या दारुड्याला व्हिस्कीची बाटली पाजून बोलते करतो. म्हातारा सांगतो: कॅप्टन ओबेड मार्शने दक्षिण समुद्रातल्या बेटांवर 'खोल पाण्यातल्या' माणसांशी सौदा केला, मासळी आणि सोने घेतले, बदल्यात माणसे दिली, १८४६ साली ज्याला बाहेरचे लोक साथ समजले ती कत्तल होती, मग गावाचा आणि त्या पाण्यातल्या लोकांचा संकर झाला. मुले जन्मताना माणसांसारखी दिसतात. वय वाढते तसे डोळे बाहेर येतात, पापण्या मिटेनाशा होतात, मानेच्या बाजूंना घड्या पडतात, आणि एक दिवस ती पाण्यात जातात. तिथे त्यांना मरण नाही.

रात्र गावातल्या हॉटेलात काढावी लागते. कुणीतरी दाराशी खुडबुड करते, तो खिडकीतून पळतो, चांदण्यात पाठलाग करणाऱ्यांची रांग पाहतो आणि मूर्च्छित पडतो. एखादा सामान्य लेखक इथे थांबला असता. लव्हक्राफ्ट निवेदकाला आर्कमच्या ऐतिहासिक मंडळात नेतो. तिथे आजीच्या माहेराची चौकशी करताना त्याला कळते की तिची आई मार्श घराण्यातली, आणि त्याचे स्वतःचे डोळेही मार्श घराण्याचेच. पुढे क्लीव्हलँडला मामा बँकेतल्या पेटीतून पणजीचे दागिने काढून दाखवतो. घडणावळ त्या मुकुटाचीच. दुसरा एक मामा न्यू इंग्लंडहून परतून गोळी झाडून मेला होता; मामेभाऊ लॉरेन्स कँटनच्या वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेला आहे. निवेदकाला समुद्राची स्वप्ने पडू लागतात, आणि आरशात तोच चेहरा दिसतो.

आता संकेत वेगळे काढून पाहू. अफवेपासून सुरुवात. मग पुस्तकी नोंद. मग वस्तू. मग शेजारगावचा साक्षीदार. मग गावातला सर्वांत म्हातारा माणूस. चेहऱ्यावरची खूण. शेवटी वंशावळ. ही साक्षीपुराव्याची चढण लव्हक्राफ्टने कुठे पाहिली असेल? त्याने अमुक अहवाल वाचला होता असे मी म्हणत नाही. ती त्या काळच्या अमेरिकेत सर्वांच्या ओळखीची होती, एवढेच म्हणतो.

१९१० साली न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे सुप्रजननशास्त्राचे दप्तर उघडले. चार्ल्स डॅव्हनपोर्ट आणि हॅरी लाफलिन हे त्याचे चालक. तिथे तरुण कार्यकर्त्यांना, त्यांत मुख्यतः मुलींना, शिक्षण देऊन खेड्यापाड्यांत, अनाथगृहांत आणि इस्पितळांत पाठवीत. त्यांनी शेजाऱ्यांना, डॉक्टरांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायचे: त्या घरात वेडा कोण, दारुडा कोण, बदफैली कोण? ऐकीव माहितीचा तक्ता व्हायचा, आणि तक्ता झाला की तो शास्त्र व्हायचा. १९१२ साली हेन्री गॉडर्डने 'कॅलिकॅक' घराण्यावर पुस्तक लिहिले. मूळ पुरुष एकच. त्याला खानावळीतल्या एका अनाम मुलीपासून झालेली संतती सारी मंदबुद्धी आणि भ्रष्ट, तर लग्नाच्या बायकोपासून झालेली सारी डॉक्टर, वकील, सभ्य गृहस्थ. दोषाचा उगम कुठे ठेवला आहे तो पाहा: जिला नावसुद्धा दिलेले नाही अशा बाईच्या पोटी. पुस्तकातल्या छायाचित्रांत गरीब शाखेच्या माणसांच्या डोळ्यांवर आणि तोंडांवर शाईने रेषा ओढलेल्या दिसतात. त्यामागच्या हेतूविषयी अभ्यासकांत वाद आहे. मात्र पुढे वंशशोधकांनी एक गोष्ट पुराव्यानिशी दाखवली. ज्या मुलाला अनौरस ठरवून ही सारी वंशावळ रचली, तो अनौरस नव्हताच. म्हणजे ही भयकथाच होती. फक्त ती ग्रंथालयात शास्त्राच्या कपाटात ठेवलेली होती.

लव्हक्राफ्टच्या न्यू इंग्लंडमध्येही हे चालू होते. व्हरमाँट विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक हेन्री पर्किन्स यांनी १९२५ पासून त्या राज्यातल्या घराण्यांची अशीच पाहणी चालवली. गरीब, फ्रेंच-कॅनेडियन आणि अबेनाकी आदिवासी कुटुंबे तिच्या तक्त्यांत आली. १९३१ साली व्हरमाँटने निर्बीजीकरणाचा कायदा केला. लव्हक्राफ्टने इन्समाउथची कथा लिहिली ते हेच वर्ष. राज्याच्या विधिमंडळाने या पापाबद्दल माफी मागितली ती २०२१ मध्ये.

दक्षिणेत व्हर्जिनियाने १९२४ साली वंशशुद्धीचा कायदा करून गोरा माणूस म्हणजे काय याची व्याख्या केली: ज्याच्या रक्तात दुसऱ्या वंशाचा अंशही नाही तो. सवलत एकच, एक-षोडशांश रेड इंडियन रक्ताची. कारण तिथली काही बडी घराणी स्वतःला पोकाहाँटसचे वंशज म्हणवून घेत होती. बड्यांच्या वंशावळीत भूत सापडले तर त्याला पूर्वज म्हणतात! जन्ममृत्यूच्या नोंदींचा निबंधक वॉल्टर प्लेकर हा तर या कथेतला निवेदकच शोभावा. तो जुनी दप्तरे उकरून माणसांचे पूर्वज शोधून काढी आणि त्यांच्या दाखल्यांवरचा वंश बदली. १९४३ साली त्याने संशयित आडनावांची यादीच जिल्ह्याजिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांकडे धाडली. आंतरवंशीय विवाहांवरची त्या कायद्याची बंदी सर्वोच्च न्यायालयाने मोडली ती १९६७ मध्ये.

त्याच व्हर्जिनियातली कॅरी बक. आई एमा, स्वतः कॅरी आणि तान्ही मुलगी व्हिव्हियन अशा तीन पिढ्या मंदबुद्धी ठरवून कॅरीचे निर्बीजीकरण करण्याचा हुकूम निघाला. २ मे १९२७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आठ विरुद्ध एक मतांनी उचलून धरला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होम्स यांनी तीन पिढ्या झाल्या तेवढ्या पुरे, अशा अर्थाचा शेरा मारला. ती तान्ही व्हिव्हियन पुढे शाळेत गेली, हुशार मुलांच्या यादीत तिचे नाव लागले, आणि आठव्या वर्षी आजाराने ती वारली. त्या निकालानंतर अडीच महिन्यांनी कथेतला तरुण न्यूबरीपोर्टच्या तिकीट-खिडकीशी उभा राहतो.

आता कथेचा पहिलाच परिच्छेद वाचावा म्हणजे तो निराळा दिसतो. १९२७-२८ च्या हिवाळ्यात केंद्र सरकारने इन्समाउथची गुप्त चौकशी केली, घरे जाळली, सुरुंगांनी उडवली, समुद्रात पाणतीर सोडले. लोकांना वाटले की दारूबंदीची धाड असेल. पकडलेल्यांवर खटला नाही, तुरुंगाच्या नोंदीत नावे नाहीत, छळछावण्यांविषयी कुजबूज. उदारमतवादी संस्थांनी तक्रारी केल्या. मग त्यांच्या प्रतिनिधींना छावण्या दाखवायला नेले, दीर्घ खासगी चर्चा झाल्या, आणि त्या संस्था गप्प झाल्या. वर्तमानपत्रांनीही सरकारशी जमवून घेतले. ही सारी माहिती लेखक अगदी सहज, दोन-चार वाक्यांत देऊन पुढे जातो. त्याला यात भयंकर काहीच दिसत नाही. त्या उदारमतवाद्यांनी आत जे पाहिले ते त्याला भयंकर वाटते. मला मात्र संपूर्ण कथेत याहून भीतिदायक काही सापडले नाही. एखादी संस्था नेमके काय पाहिल्यावर गप्प होते? तिला इतकेच दाखवावे लागते की आत कोंडलेली माणसे 'माणसे' नाहीत.

आणि ही कारवाई झाली कुणाच्या तक्रारीवरून? निवेदकाच्या. त्यानेच पळून आल्यावर सरकारला खबर दिली. आपण ज्यांना पकडून दिले ते आपले सोयरे होते हे त्याला पुढे कळते.

येथे साक्षीपुराव्याचाही विचार केला पाहिजे. इन्समाउथच्या लोकांनी कत्तल केली, नरबळी दिले, हे आपल्याला कोण सांगतो? फुकटची दारू प्यालेला एक म्हातारा. निवेदकाने स्वतः पाहिले ते एवढेच: मासळीचा वास, बंद खिडक्या, रोखून पाहणारे डोळे, रात्री दारावर हात, आणि पाठलाग. परक्या वस्तीत भाडोत्री साक्षीदार गाठून चोरून चौकशी करणाऱ्याचा पाठलाग होणे हे फारसे अनैसर्गिक नव्हे. तरीही वाचक म्हाताऱ्यावर विश्वास ठेवतो, कारण भयकथेचा संकेतच तसा आहे: वेड्याचे बोलणे खरे निघते. याच संकेताचा आधार घेऊन युरोपात ज्यूंवर बालहत्येचे आळ घेतले गेले. लेखकाने इन्समाउथच्या माणसांना असे रचले आहे की त्यांची बाजू घ्यायची तर खुनाची बाजू घ्यावी लागेल. हा सापळा ओळखल्याशिवाय ही कथा वाचू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

म्हाताऱ्याच्या भाषेविषयी एक. झेडॉकचे बोलणे लेखकाने मोडक्या उच्चारांत, चुकीच्या वर्णलेखनासह पानेच्या पाने छापले आहे. निवेदकाची भाषा मात्र शुद्ध, ग्रांथिक. माहिती बोलीतली, अधिकार प्रमाणभाषेचा. हा संकेत मराठी वाचकाला परका नाही. आपल्या जुन्या कथा-कादंबऱ्यांत गडी आणि मोलकरीण बोलीत बोलत, आणि त्यांच्याविषयीचा निष्कर्ष निवेदक प्रमाण मराठीत काढी. दलित आत्मकथनांनी काय केले असेल तर निष्कर्ष काढणारी भाषाच बदलली.

वंशावळीचा शोध हा छंद असू शकतो, हेही मला या कथेने दाखवले. ज्याच्याकडे दागिन्यांची पेटी, चर्चमधली नोंद आणि ऐतिहासिक मंडळ आहे त्याला तो छंद परवडतो. आमच्याकडे वंशावळ म्हणजे जात पडताळणीच्या अर्जाला जोडायचे शपथपत्र. पुरावा हवा १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा. माझ्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला कुठून येणार? बऱ्याच खेपा घातल्यावर गावच्या कोतवाल बुकात मोडीत लिहिलेली एक ओळ सापडली: पणजोबांचे नाव, त्यांना मुलगा झाला एवढी नोंद, आणि शेजारी जात. वडिलांनी ती ओळ वाचून घेतली तेव्हा ते अतिशय आनंदले. कथेतला तरुण आपल्या पूर्वजांची नोंद सापडली म्हणून मूर्च्छित पडतो. आम्ही ती सापडली म्हणून पेढे वाटले. एकाच कागदाचे हे दोन परिणाम कोणत्या समाजरचनेने घडवले, हे शोधणे इतिहासाच्या अध्यापकाचे काम आहे.

लव्हक्राफ्ट वंशवादी होता. हे अनुमान नव्हे; त्याच्या पत्रांत ते ठायी ठायी आहे. १९२४ ते १९२६ तो न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहिला आणि स्थलांतरितांच्या गर्दीची किळस घेऊन परत गेला. 'द हॉरर अ‍ॅट रेड हुक' ही कथा त्या किळसेतून आली. विसंगती अशी की त्याची पत्नी सोनिया ग्रीन ही आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेली ज्यू स्थलांतरित होती. त्याचे वडील १८९३ साली मनोरुग्णालयात गेले आणि तिथेच वारले. १९१९ मध्ये आईही त्याच रुग्णालयात गेली आणि १९२१ मध्ये वारली. काही अभ्यासक कथेतले आनुवंशिक भय यातून उलगडतात. मला ते अपुरे वाटते. घरातल्या दुःखाने माणूस भयभीत होतो हे खरे, परंतु त्या भयाला दक्षिण समुद्रातल्या बायकांचा चेहरा घरातून मिळत नाही.

आता दुसरा उगम: रंग लपवण्याच्या कथा. अमेरिकन वाङ्मयात ही मोठी परंपरा आहे आणि तिचे संकेतही ठरलेले आहेत. केट शोपिनची 'डेझिरेज बेबी' (१८९३) घ्या. डेझिरे ही अनाथ मुलगी जमीनदाराची बायको होते. मुलाच्या रंगावरून तिच्या रक्ताविषयी संशय येतो, नवरा तिला घराबाहेर काढतो, ती मुलाला घेऊन दलदलीच्या पाण्याकडे जाते आणि परत येत नाही. शेवटी नवऱ्याला एक जुने पत्र सापडते: मिश्र रक्त त्याच्याच आईकडून आलेले असते. अंगावरची खूण, उशिरा सापडलेला कागद, आणि शोधणाऱ्यावरच उलटलेला शोध. इन्समाउथचा सांगाडा हाच नव्हे काय? विल्यम वेल्स ब्राउन या गुलामगिरीतून निसटलेल्या लेखकाच्या 'क्लोटेल' (१८५३) या कादंबरीत नायिका पकडणाऱ्यांच्या हातून सुटण्यासाठी पोटोमॅक नदीत उडी घेते. नेला लार्सन या काळ्या लेखिकेच्या 'पासिंग' (१९२९) मध्ये रंग लपवून जगणारी क्लेअर, नवऱ्याला खरे कळते त्या क्षणी, उंच खिडकीतून खाली पडते. मिश्र रक्ताच्या माणसाने शेवटी मरायचे, आणि शक्य तर पाण्यात, असा जणू नियमच होता.

लव्हक्राफ्टने स्वतः तो नियम आधी पाळला होता. १९२० साली त्याने आर्थर जर्मिनच्या घराण्याची कथा लिहिली. इंग्रज सरदार घराणे, पाच पिढ्यांचे विचित्र चेहरे, आफ्रिकेतून आलेली एक पेटी. पेटीत वाळवलेली वानरी आणि तिच्या गळ्यात जर्मिन घराण्याचे पदक. ती त्याची खापरपणजीहून जुनी आजी. आर्थर अंगावर तेल ओतून स्वतःला जाळून घेतो. मानववंशशास्त्र संस्थेचे सभ्य सदस्य ते कलेवर जाळतात, पदक विहिरीत टाकतात, आणि आर्थर नावाचा कुणी होऊन गेला हेच काही जण कबूल करीत नाहीत. १९२४ मध्ये एका मासिकाने ही कथा 'पांढरी वानरी' अशा अर्थाच्या नावाने छापली तेव्हा लेखक चिडला, कारण नावानेच रहस्य फुटले. त्या कथेत आर्थर 'मी' म्हणत नाही. त्याच्याविषयी दुसरेच कुणी बोलते.

अकरा वर्षांनंतरच्या इन्समाउथमध्ये तोच माणूस 'मी' म्हणतो. प्रथमपुरुषी निवेदन हा भयकथेचा जुनाच संकेत; सांगणारा आपल्यासारखा वाटला की वाचक त्याचा हात धरून चालतो. पण इथे वाचक ज्याचा हात धरून आला तो हात शेवटी खवल्यांचा निघतो. आणि तो मरत नाही. पिस्तूल विकत आणतो, पण वापरत नाही. तो पाण्यात जायचे ठरवतो, जगण्यासाठी. ज्या पाण्यात क्लोटेल आणि डेझिरे गेल्या, तेच पाणी इथे घर होते. बहुतेक वाचक याला कथेतले परमोच्च भय मानतात: बघा, रक्ताने शेवटी मनही जिंकले! लेखकाचाही हेतू तोच असावा. पण लिहिताना त्याची भाषा बदलते, वाक्यांत उल्हास येतो, आणि अनेक पाने आवळून धरलेली किळस सुटून जाते. हेतू काहीही असो, लेखणीने हे लिहिले आहे.

आपल्याकडचा धागा आता जोडतो. 'वंशावळ सांगून माणसाला भेसूर करणे' हे तंत्र अमेरिकेने शोधलेले नाही. मनुस्मृतीचा दहावा अध्याय पाहा. अमुक बाप, तमुक आई, म्हणून ही जात. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांच्यापासून चांडाळ. म्हणून त्याची वस्ती गावाबाहेर, त्याला मृतांची वस्त्रे आणि फुटकी भांडी. कथनाच्या दृष्टीने ही मूळकथा आहे: आजचे हाल समजावण्यासाठी मागे एक पाप रचायचे. त्याच अध्यायात असेही सांगितले आहे की हीन योनीत जन्मलेला माणूस आर्यासारखा दिसला तरी त्याच्या कर्मांवरून ओळखावा. त्याला आपली प्रकृती कधीच लपवता येत नाही. 'इन्समाउथचा चेहरा' म्हणजे दुसरे काय? कथेतले सरकार ज्या हिवाळ्यात इन्समाउथ जाळते, त्याच हिवाळ्यात, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृती जाळली गेली. हा निव्वळ योगायोग आहे, त्यावर कुणी इमले बांधू नयेत.

बाबासाहेबांनी या मूळकथेचा समाचार 'रिडल्स इन हिंदुइझम' मध्ये घेतला आहे. ते लिखाण त्यांच्या पश्चात १९८७ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले आणि त्यावर काय गदारोळ झाला ते सर्वश्रुत आहे. संकरजातींच्या उत्पत्तीवरचे प्रकरण मात्र त्या गदारोळात कमी वाचले गेले. तिथे ते साधा हिशोब मांडतात: देशातल्या चांडाळांची संख्या पाहता, प्रत्येक ब्राह्मण स्त्री शूद्राची रखेल होती असे धरले तरी ती संख्या भरत नाही. भयकथेला गणित घालून ती मोडण्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. इतक्या मोठ्या जनसमूहाला नीच उगम चिकटवल्याने त्यांचे सामाजिक आणि नैतिक अधःपतन घडले, हेही ते तिथेच सांगतात. न्यूयॉर्कमध्ये मॅडिसन ग्रँटचे वंशश्रेष्ठत्वाचे पुस्तक निघाले १९१६ साली. त्याच शहरात, त्याच वर्षी, ९ मे रोजी, कोलंबिया विद्यापीठातला एक भारतीय विद्यार्थी जातींच्या उगमावर निबंध वाचत होता, आणि जात रक्तातून नव्हे तर विवाहबंदीतून घडते हे सांगत होता. पुढे १९३६ च्या मे महिन्यात, न झालेल्या भाषणाचे पुस्तक म्हणून, त्यांनी मुंबईत 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' छापले. त्यात जात म्हणजे सुप्रजनन असे म्हणणाऱ्यांना त्यांनी त्यांच्याच शास्त्राने उत्तर दिले: पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एका वंशाचे आहेत, पंजाबचा आणि मद्रासचा ब्राह्मण नव्हेत.

लव्हक्राफ्टचे पुढे काय झाले ते थोडक्यात. १९७५ पासून 'वर्ल्ड फँटसी' पुरस्काराचे मानचिन्ह म्हणजे त्याचा अर्धपुतळा होता. २०११ मध्ये तो पुरस्कार नायजेरियन वंशाच्या लेखिका ननेदी ओकोराफोर यांना मिळाला, आणि आपल्याला तुच्छ लेखणाऱ्याचे डोके घरात ठेवावे लागते याविषयी त्यांनी लिहिले. २०१५ साली ते मानचिन्ह बदलण्याचे जाहीर झाले. व्हिक्टर लाव्हाल या काळ्या लेखकाने रेड हुकची गोष्ट २०१६ मध्ये काळ्या माणसाच्या बाजूने पुन्हा लिहिली. आणि रुथाना एम्रिस यांनी २०१४ च्या एका कथेत आणि २०१७ च्या 'विंटर टाइड' या कादंबरीत इन्समाउथच्या छावणीतून वाचलेल्या अ‍ॅफ्रा मार्श या मुलीला बोलते केले. तिला समुद्रापासून दूर, वाळवंटातल्या छावणीत ठेवलेले असते. तिचे जवळजवळ सारे लोक तिथे मरतात. १९४२ मध्ये त्याच छावणीत सरकार जपानी-अमेरिकन कुटुंबांना आणून कोंडते, आणि अ‍ॅफ्राला नवे घर मिळते ते त्यांच्यात. जपानी-अमेरिकनांच्या छावण्या कल्पित नव्हेत. मूळ कथेतली ती दोन-चार वाक्ये एम्रिस यांनी वाचली, ज्यांवरून लेखक सहज पुढे गेला होता.

मूळ कथेच्या शेवटाकडे एकदा परत जातो, कारण तिथली एक गोष्ट माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने दाखवली आणि तोवर ती मी कुठे वाचली नव्हती. निवेदक पाण्यात जायचे ठरवतो तेव्हा तो सरळ समुद्राकडे जात नाही. आधी कँटनला जायचे, इस्पितळातून लॉरेन्सला सोडवायचे आणि मग दोघांनी मिळून इन्समाउथला जायचे, असा त्याचा बेत आहे. खबर देऊन ज्याने सारे गाव छावणीत घातले, तो आता कोंडलेल्या मामेभावाच्या सुटकेची योजना आखतो आहे.